स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिचें चरित्र

कॅथॉलिक वाचकांच्या कानांवर ज्या राण्यांचीं नांवें लहानपणापासून पडतात, त्यांत स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिचें नांव कांहींसें निराळें आहे. ती संत नव्हे. पवित्र ख्रिस्तसभेनें तिला संतपद दिलेलें नाहीं. तिच्या शत्रूंनीं तिला कुलटा व पतिघातकी ठरविलें. उलट आमच्यांतील कित्येक भाविक लेखकांनीं तिच्या चरित्रावरचे सर्व डाग पुसून तिला निर्मळ रक्तसाक्षीच्या वेषांत उभें केलें. हीं दोन्ही चित्रें काढावयास सोपीं आहेत. परंतु ज्या स्त्रीनें आपल्या देवघरांतील एका मिस्सेसाठीं सबंध राज्याचा रोष पत्करला, आणि पुढें सहा वर्षांच्या आंत मिस्सेवांचून लग्न लावून घेतलें, तिची गोष्ट इतकी सरळ कशी असेल? म्हणून येथें तिचें चरित्र जसें घडलें तसें, बरेंवाईट दोन्ही ठेवून, सांगण्याचें योजिलें आहे.

मेरीचा जन्म इ. स. १५४२ च्या डिसेंबर महिन्याच्या ८ व्या तारखेस, म्हणजे ज्या दिवशीं आपण पवित्र मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण पाळतों त्या दिवशीं, लिन्‌लिथगो येथील राजवाड्यांत झाला. तिचा बाप जेम्स पांचवा याच्या सैन्याचा त्यापूर्वीं दोनच आठवडे सॉल्वे मॉस येथें इंग्रजांनीं मोड केला होता. त्या दुःखानें खचून राजा फॉकलंडच्या वाड्यांत अंथरुणास खिळला होता. मुलगी झाल्याची बातमी त्यास तेथेंच कळली, आणि १४ डिसेंबर रोजीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, तो मरण पावला. अशा रीतीनें मेरी सहा दिवसांची असतांच राणी झाली.

ज्या राज्याची ती राणी झाली तें लहान व गरीब. दक्षिणेस इंग्लंड, समुद्रापलीकडे फ्रान्स, आणि दोघांच्याहि डोळ्यांत हें पोर भरलेलें. इंग्लंडचा राजा हेन्री आठवा यानें १५३४ सालीं पोप महाराजांची सत्ता झुगारून देऊन स्वतःस इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा मुख्य म्हणवून घेतलें होतें. आपला मुलगा एडवर्ड यास ही मुलगी करून स्कॉटलंड गिळावें असा त्याचा बेत होता. १५४३ च्या जुलैमध्यें तसा तहहि झाला. परंतु डिसेंबरांत स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें तो मोडला. तेव्हां हेन्रीनें सोयरीक तलवारीनें जुळवावयाचें ठरविलें. १५४४ सालीं एडिंबरो शहर जळालें. १५४७ सालीं, हेन्री मरून गेल्यावरहि, पिंकीच्या लढाईंत हजारों स्कॉट लोक पडले. त्या धामधुमींत चार वर्षांच्या राणीस इंचमाहोम नांवाच्या बेटावरील मठांत कांहीं आठवडे लपवून ठेवावें लागलें. अखेर तिच्या आईनें फ्रान्सशीं बोलणें केलें, आणि १५४८ च्या ऑगस्टांत डंबार्टन बंदरांतून पांच वर्षांची मेरी गलबतावर चढली. तिच्याबरोबर तिच्याच वयाच्या चार सोबतिणी होत्या. चौघींचेंहि नांव मेरी. त्यांतील मेरी सीटन हिची गांठ आपणांस पुढें पुन्हां पडेल.

तिची आई मेरी ही फ्रान्समधील गीझ या बलाढ्य कॅथॉलिक घराण्यांतील. नवऱ्याच्या मागें परक्या देशांत राहून लेकीचें राज्य सांभाळणाऱ्या या बाईकडे इतिहासकारांचें म्हणावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं, असें आम्हांस वाटतें. ती लेकीस एकदांच, १५५० सालीं, फ्रान्सांत जाऊन भेटली, वर्षभर राहिली, आणि परत आली. त्यानंतर मायलेकींची दृष्टादृष्ट झाली नाहीं.

फ्रान्समधील तेरा वर्षें हा मेरीच्या आयुष्यांतील सुखाचा काळ. राजाच्या मुलांबरोबर ती वाढली. लॅटिन, इटालियन या भाषा शिकली. गायन, नृत्य, घोड्यावर बसणें, भरतकाम यांत ती तरबेज झाली. फ्रेंच ही तर तिची दुसरी मातृभाषाच झाली, व पुढें जन्मभर ती त्याच भाषेंत पत्रें लिहीत असे. ती अंगानें फार उंच होती. पुरुषांच्या घोळक्यांतहि तिचें डोकें वर दिसे. १५५८ च्या एप्रिलच्या २४ तारखेस पॅरिस येथील नोत्र दामच्या महामंदिरासमोर तिचें लग्न युवराज फ्रान्सिस याच्याशीं लागलें. वधू पंधरा वर्षांची, वर चवदा वर्षांचा व प्रकृतीनें अशक्त. लग्नाच्या आधीं कांहीं दिवस तिच्याकडून गुप्त कागदांवर सह्या घेण्यांत आल्या. आपणांस मूल न झाल्यास स्कॉटलंडचें राज्य फ्रान्सच्या राजास मिळावें असा त्या कागदांचा आशय होता. तिला त्यांचा अर्थ किती कळला असेल हें सांगवत नाहीं. पण कॅथॉलिक सासऱ्यानेंहि तिच्याकडे कौल लावलेल्या घरासारखेंच पाहिलें, हें लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनींहि तिचा उपयोग करून घेतला.

त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत इंग्लंडची कॅथॉलिक राणी मेरी ट्यूडर वारली, आणि तिची सावत्र बहीण एलिझाबेथ गादीवर बसली. येथून पुढच्या वैराचें मूळ समजून घेतलें पाहिजे. हेन्रीनें आपली धर्मपत्नी कॅथरिन हयात असतां ॲन बोलीन हिच्याशीं लग्न केलें, आणि त्या संबंधापासून एलिझाबेथ झाली. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणें तें लग्न लग्नच नव्हे. तेव्हां एलिझाबेथ औरस नव्हे, आणि गादीचा हक्क मेरी स्टुअर्टचा, कारण तिची आजी मार्गरेट ही हेन्रीची सख्खी थोरली बहीण होती. फ्रान्सच्या राजानें लगेच सुनेच्या ढालीवर इंग्लंडचीं राजचिन्हें काढविलीं. त्या रंगाची किंमत सोळा वर्षांच्या मुलीस पुढें जन्मभर मोजावी लागली. एलिझाबेथच्या दृष्टीनें मेरी ही त्या दिवसापासून भाऊबंद राहिली नाहीं; ती दावेदार झाली. या दोघी आयुष्यांत एकदांहि एकमेकींस भेटल्या नाहींत. १५६२ सालीं भेटीचें ठरलें होतें, पण फ्रान्समध्यें व्हासी येथें कॅथॉलिक सैनिकांनीं प्रॉटेस्टंटांची कत्तल केली व लढाई पेटली, आणि ती भेट राहिली ती राहिलीच.

मग मृत्यूंची रांग लागली. १५५९ च्या जुलैमध्यें सासरा एका खेळाच्या द्वंद्वांत जखमी होऊन मेला व मेरी फ्रान्सची राणी झाली. १५६० च्या जूनमध्यें तिची आई एडिंबरोच्या किल्ल्यांत वारली. डिसेंबरच्या ५ तारखेस तिचा नवरा कान ठणकून, त्या दुखण्यांतच, गेला. अठराव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधीं मेरी विधवा झाली. इकडे स्कॉटलंडमध्यें आईच्या मागें, १५६० च्या ऑगस्टांत, प्रॉटेस्टंट सरदारांनीं पार्लमेंट भरवून पोपांची सत्ता रद्द केली व मिस्सा बंद केली. मिस्सा करणाऱ्यास व ऐकणाऱ्यास पहिल्या खेपेस मालमत्ता जप्त, दुसऱ्या खेपेस देशांतून हद्दपारी, तिसऱ्या खेपेस देहदंड. ज्या देशाची ती राणी होती त्या देशांत तिचा धर्म हा गुन्हा ठरला होता.

अशा देशांत ती परत आली. १५६१ च्या ऑगस्टच्या १९ तारखेस सकाळीं, दाट धुक्यांत, तिचीं गलबतें लीथ बंदरास लागलीं. पुढचा रविवार २४ तारखेचा. होलीरूडच्या राजवाड्यांतील देवघरांत तिच्यासाठीं मिस्सेची तयारी झाली. ही बातमी पसरतांच वाड्याच्या अंगणांत लोक जमले. मेणबत्त्या घेऊन जाणाऱ्या नोकरास त्यांनीं धक्काबुक्की केली, आणि धर्मगुरूस ठार करण्याच्या आरोळ्या उठल्या. तेव्हां तिचा सावत्र भाऊ लॉर्ड जेम्स स्टुअर्ट हा देवघराच्या दारांत जाऊन उभा राहिला. तो स्वतः कडवा प्रॉटेस्टंट. परंतु बहिणीस दिलेला शब्द त्यानें पाळला, व त्या दारांतून कोणास आंत जाऊं दिलें नाहीं. आंत थरथरत्या हातांनीं धर्मगुरूनें मिस्सा पुरी केली. आपल्या देवळांत घंटा झाली कीं निर्भयपणें जाऊन बसणाऱ्या आम्हांला त्या खोलींतील श्वास कसे चालले असतील याची कल्पना येणें कठीण आहे.

दुसऱ्या दिवशीं राणीनें जाहीरनामा काढला. आपण येण्याच्या वेळीं देशांत जो धर्म चालू होता त्यांत कोणीं फेरफार करूं नये, व राणीच्या चाकरमाणसांस कोणीं त्रास देऊं नये, असा त्याचा मतलब. म्हणजे प्रजेनें आपला मार्ग चालवावा, राणी आपला चालवील. त्या युगांत ही गोष्ट कोणाच्याच पचनीं पडण्यासारखी नव्हती. राजाचा जो धर्म तोच प्रजेचा, असें कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट दोघेहि मानीत. जॉन नॉक्स हा प्रॉटेस्टंटांचा पुढारी सेंट जाइल्सच्या मंदिरांतून तिच्या एका मिस्सेविरुद्ध गरजला. राणीनें त्यास बोलावून घेऊन वाद घातला, एकदां नव्हे, अनेकदां. एका प्रसंगीं संतापानें तिला रडूं आवरेना. परंतु तिनें त्याचें तोंड बळानें बंद केलें नाहीं. उलट कॅथॉलिकहि तिच्यावर रुष्ट होते, आणि त्यांच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ होतें. जुन्या धर्मसंस्थेच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा तिनें घेतला व त्यांतून प्रॉटेस्टंट उपदेशकांस वेतन दिलें. उत्तरेकडील हंटलीचा अर्ल, हा कॅथॉलिकांचा मोठा आधार; त्याच्यावर तिनें १५६२ सालीं स्वारी केली व त्याचें घराणें धुळीस मिळविलें. पोप महाराजांनीं त्याच वर्षीं पाठविलेला येशूसंघीय वकील निकोलस द गोडा यास तिनें चोरून भेट दिली, तीहि दरबारी मंडळी प्रवचनास गेली असतां. आपल्या धर्मगुरूस राजमहालांत उजळ माथ्यानें बोलावण्याइतकेंहि स्वातंत्र्य राणीस नव्हतें. तिनें धर्म राखला तो आपल्या देवघराच्या चार भिंतींत. याहून अधिक तिला करतां आलें असतें कीं नाहीं, यावर आजहि वाद आहे. आमचें मत असें कीं, पहिलीं चार वर्षें राज्य शांत राहिलें तें या सबुरीमुळेंच.

ही सबुरी लग्नानें संपली. १५६५ च्या जुलैच्या २९ तारखेस तिनें आपला चुलत नात्यांतील भाऊ हेन्री डार्नली याच्याशीं कॅथॉलिक विधीप्रमाणें विवाह केला. दोघेंहि मार्गरेट ट्यूडरचीं नातवंडें. तेव्हां इंग्लंडच्या गादीवरचा हक्क दुणावला, व एलिझाबेथ चवताळली. डार्नली दिसावयास देखणा, वयानें एकोणीस वर्षांचा, आणि मनानें पोरकट. विवाहाचा संस्कार झाल्यावर वधू मिस्सेसाठीं थांबली, आणि नवरा मात्र मिस्सेस न थांबतां निघून गेला. जाणत्यांनीं तेव्हांच काय तें ओळखावयास हवें होतें. लॉर्ड जेम्स बंड करून उठला व इंग्लंडांत पळाला. कांहीं महिन्यांत डार्नली दारूबाज, उद्धट व मत्सरी ठरला. राणीचा चिटणीस डेव्हिड रिझिओ हा इटालियन, मूळचा गवई. राणी त्याचा सल्ला ऐकते, नवऱ्याचा ऐकत नाहीं, म्हणून डार्नलीचें डोकें भडकविणें प्रॉटेस्टंट सरदारांस सोपें गेलें. १५६६ च्या मार्चच्या ९ तारखेस रात्रीं राणी आपल्या लहानशा खोलींत जेवीत असतां हत्यारबंद लोक आंत घुसले. रिझिओ तिच्या पदराआड दडला. त्यास ओढून नेऊन बाहेरच्या दालनांत पन्नासांवर वार करून मारलें. राणी सहा महिन्यांची गरोदर होती, आणि तिला धरून ठेवणारा तिचा नवराच होता. तरी दोन दिवसांत तिनें त्याच नवऱ्यास गोड बोलून फितविलें, व मध्यरात्रीं त्याच्यासह घोड्यावरून डनबारच्या किल्ल्यास निसटली. धैर्याची तिला कधींच वाण पडली नाहीं. माणसें पारखण्याची मात्र नेहमीं पडली.

जूनच्या १९ तारखेस तिला मुलगा झाला. त्याचें नांव जेम्स. डिसेंबरांत स्टर्लिंग येथें आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या हस्तें कॅथॉलिक विधीनें त्याचा बाप्तिस्मा झाला. एलिझाबेथनें धर्ममाता म्हणून सोन्याचें बाप्तिस्म्याचें पात्र पाठविलें; प्रॉटेस्टंट सरदार देवळाबाहेर उभे राहिले. त्या बाहेर उभ्या राहिलेल्यांत बॉथवेलचा अर्ल होता.

आतां या चरित्रांतील जो भाग भाविक लेखक गडबडीनें उरकतात तो सांगितला पाहिजे. १५६७ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस पहांटेपूर्वीं एडिंबरोच्या तटाशेजारीं, कर्क ओ' फील्ड येथें, ज्या घरांत आजारी डार्नली उतरला होता तें घर बंदुकीच्या दारूनें उडालें. डार्नली व त्याचा नोकर बागेंत मरून पडलेले आढळले. अंगावर जखम नव्हती, गुदमरवून मारल्याचीं चिन्हें होतीं. कटाचा मुख्य बॉथवेल, याविषयीं तेव्हांहि फारसा कोणास संशय नव्हता. त्याची चौकशी झाली ती केवळ नांवाची. शहर त्याच्याच शिपायांनीं भरलें होतें, आणि तो निर्दोष सुटला. एप्रिलच्या २४ तारखेस त्यानें राणीस वाटेंत गांठून डनबारच्या किल्ल्यांत नेलें. तेथें तिच्यावर बळजबरी झाली असें पुष्कळ म्हणतात, व तें खरें असणें शक्य आहे. ती आधींच त्यास मिळालेली होती असें तिचे शत्रु म्हणत. बॉथवेलनें मे महिन्याच्या आरंभीं आपल्या बायकोशीं काडीमोड घेतली, आणि १५ तारखेस होलीरूडमध्यें राणीशीं लग्न लावलें, तें प्रॉटेस्टंट पद्धतीनें.

ज्या वाड्यांत सहा वर्षांपूर्वीं तिनें आपल्या मिस्सेसाठीं जमावाची पर्वा केली नव्हती, त्याच वाड्यांत तिचें हें लग्न मिस्सेवांचून झालें. नवऱ्याची पहिली बायको जिवंत. नवऱ्याच्या हातास तिच्या मागल्या नवऱ्याच्या रक्ताचा वास. भीति, आजार, एकटेपणा, मुलाची काळजी, हें सर्व जमेस धरलें तरी हें कृत्य चूक होतें, आणि तें तिच्या मनासहि कळत होतें. लग्नाच्या दिवसापासून ती रडत होती, असें तिला पाहणाऱ्यांनीं लिहून ठेवलें आहे. पोप पायस पांचवे, जे पुढें संत म्हणून गणले गेले, त्यांनीं तिच्याशीं पत्रव्यवहार ठेवण्याचें त्या उन्हाळ्यांत थांबविलें. आम्ही तिची बाजू घेणारे असलों तरी पोप महाराजांपेक्षां अधिक कनवाळू होण्याचा आव आणूं नये हें बरें.

लग्नास महिना होतो न होतो तोंच, जूनच्या १५ तारखेस, कार्बरीच्या टेकडीवर सरदारांनीं तिला कैद केलें. बॉथवेल पळाला, नॉर्वेंत पकडला गेला, आणि १५७८ सालीं डेन्मार्कांतील तुरुंगांत वेडा होऊन मेला. राणीस लॉखलेव्हनच्या तळ्यांतील किल्ल्यांत ठेवलें. तेथें तिचा गर्भपात झाला, जुळीं होतीं. आणि ती अंथरुणांतून उठतां येत नसतां जुलैच्या २४ तारखेस तिच्याकडून राज्यत्यागाच्या कागदावर सही घेतली. तेरा महिन्यांचा जेम्स राजा झाला, लॉर्ड जेम्स त्याचा पालक झाला. पुढल्या वर्षीं मेच्या २ तारखेस मेरी चाकरणीच्या वेषांत होडींतून निसटली. अकरा दिवसांत लँगसाइड येथें लढाई हरली. आणि सर्वांचा सल्ला झुगारून १६ मे १५६८ रोजीं मासेमारीच्या होडींतून सॉल्वेची खाडी ओलांडून इंग्लंडांत आली. बहिणीकडे आश्रय मागावा, फौज घेऊन परत जावें, असा तिचा हिशेब. पंचवीस वर्षांची होती. त्या किनाऱ्यावरून ती परत कधींच गेली नाहीं.

एलिझाबेथची स्थिति अवघड होती हें कबूल केलें पाहिजे. मेरीस परत गादीवर बसवावें तर प्रॉटेस्टंट स्कॉट दुखावतात. फ्रान्सला जाऊं द्यावें तर फ्रेंच फौज येते. मोकळें ठेवावें तर इंग्लंडांतील कॅथॉलिक तिच्याभोंवतीं गोळा होतात. म्हणून तिनें तिला पाहुणी म्हटलें व कैदेंत ठेवलें. एक चौकशी भरली. मेरीनें बॉथवेलास लिहिलेलीं म्हणून कांहीं पत्रें एका चांदीच्या पेटींतून काढून दाखविलीं. मेरीस तीं पाहूं दिलीं नाहींत. कांहीं सिद्ध झालें नाहीं. आणि मूळ पत्रें पुढें नाहींशीं झालीं. १५६९ च्या जानेवारींत चौकशी आटोपली, कैद चालूच राहिली.

या कैदेंत तिचा धर्म तिला पुन्हां सांपडला असें आम्हांस वाटतें. प्रथम बोल्टनच्या किल्ल्यांत एलिझाबेथची मर्जी संपादण्यासाठीं ती प्रॉटेस्टंट उपासनेसहि बसली होती. आसपासच्या कॅथॉलिकांनीं खेद दर्शविला, तेव्हां तिनें भर दिवाणखान्यांत आपण कॅथॉलिकच असल्याचें जाहीर केलें. त्यानंतर ती डळमळली नाहीं. धर्मगुरु ठेवण्याची परवानगी नव्हती. म्हणून कधीं चिटणीस, कधीं वैद्य अशा वेषांत धर्मगुरु तिच्या परिवारांत येत. त्यांत एक येशूसंघीयहि होता. पंधरा वर्षें ती श्रूजबरीच्या अर्लाच्या ताब्यांत शेफील्ड, टटबरी, चॅट्सवर्थ अशा ठिकाणीं हलत राहिली. टटबरीचें घर ओलसर व दुर्गंधीचें. संधिवातानें तिचे पाय सुजले. भरतकाम हाच विरंगुळा. तिच्या सुईचें काम आजहि इंग्लंडांत जपून ठेवलेलें आहे. मेरी सीटन तिचे केस विंचरण्यास जवळ होती. ती १५८३ च्या सुमारास प्रकृति ढासळल्यामुळें फ्रान्सांत रीम्स येथील सेंट पिअरच्या मठांत गेली. तेथील मठाध्यक्षा ही राणीची मावशी.

बाहेर तिच्या नांवानें उठाव होतच होते. १५६९ सालीं उत्तरेकडील कॅथॉलिक सरदार उठले. डरहॅमच्या महामंदिरांत पुन्हां मिस्सा झाली. मग शेंकडों गरीब लोक फांसावर गेले. १५७० सालीं पोप पायस पांचवे यांनीं एलिझाबेथला बहिष्कृत केलें व प्रजेस तिच्या आज्ञेंतून मोकळें केलें. त्या आज्ञापत्रानें इंग्लंडांतील प्रत्येक कॅथॉलिक राजद्रोहाच्या संशयांत सांपडला, आणि त्याच्या झळा मेरीसहि लागल्या. १५७२ सालीं तिच्याशीं लग्नाचा विचार करणारा नॉरफोकचा ड्यूक शिरच्छेदास गेला. तिचा मुलगा मोठा झाला होता. आईपासून दहा महिन्यांचा असतां दुरावलेला, तिच्या शत्रूंच्या हातीं वाढलेला. आपणां दोघांचें संयुक्त राज्य व्हावें अशी तिची योजना त्यानें १५८५ सालीं धुडकावली, आणि पुढल्या वर्षीं एलिझाबेथशीं तह करून तिच्याकडून सालीना पैसे घेतले. हा घाव तिला कैदेपेक्षां अधिक लागला असला पाहिजे.

एलिझाबेथचा मंत्री वॉल्सिंगहॅम यानें तिच्यासाठीं जाळें विणलें. चार्टली येथें तिचीं पत्रें दारूच्या पिंपाच्या बुचांत लपवून नेण्याची सोय एका इसमानें करून दिली. तो वॉल्सिंगहॅमचा हेर होता, आणि प्रत्येक पत्र फोडून, वाचून, पुन्हां मोहोरबंद होऊन जात असे. अँथनी बॅबिंग्टन या कॅथॉलिक तरुणानें १५८६ च्या जुलैंत राणीस सोडविण्याचा व एलिझाबेथला मारण्याचा बेत तिला लिहून कळविला. १७ जुलै रोजीं तिच्याकडून उत्तर गेलें. उत्तराच्या नकलेस वॉल्सिंगहॅमच्या माणसानें मारेकऱ्यांचीं नांवें विचारणारी पुरवणी बनावट जोडली, हें खरें. तथापि मूळ पत्र तिचेंच, असें बहुतेक इतिहासकार आज मानतात. अठरा वर्षें अन्यायानें कोंडलेल्या जिवाची सुटकेची तळमळ कोणासहि समजेल. परंतु खुनाच्या बेतास मूक संमति ही संमतीच, आणि आपल्या धर्मांत तिला सवलत नाहीं.

१४ व १५ ऑक्टोबर रोजीं फॉदरिंगेच्या किल्ल्यांत खटला चालला. तिला वकील दिला नाहीं, कागद पाहूं दिले नाहींत. परराज्याच्या राणीचा न्याय करण्याचा अधिकार या न्यायसभेस नाहीं, हें तिचें म्हणणें कायद्यानें बिनतोड होतें. शिक्षा ठरल्यावर पहारेकरी पॉलेट यानें तिच्या आसनावरचें राजछत्र काढून टाकलें. तिनें त्या जागीं क्रूसमूर्ति टांगली. एलिझाबेथ तीन महिने सही करीना. १ फेब्रुवारी १५८७ रोजीं सही केली, आणि त्याबरोबरच पॉलेटनें कैद्यास गुपचूप संपवावें असें सुचविलें. पॉलेट कडवा, मेरीचा मनापासून द्वेष करणारा. पण त्यानें हें काम साफ नाकारलें. त्याच्या नांवावर एवढें तरी मांडलें पाहिजे.

७ फेब्रुवारीस संध्याकाळीं तिला सांगण्यांत आलें कीं उद्यां सकाळीं आठ वाजतां मरावयाचें आहे. तिनें आपला धर्मगुरु मागितला. तो त्याच किल्ल्यांत, कांहीं खोल्या पलीकडे, अटकेंत होता. परंतु भेट मिळाली नाहीं. त्याऐवजीं पीटरबरोच्या प्रॉटेस्टंट डीनचा उपदेश देऊं केला, तो तिनें नाकारला. मग तिनें धर्मगुरूस चिठ्ठी लिहून आपल्या पापांची सर्वसाधारण कबुली दिली, व रात्रभर आपल्यासाठीं प्रार्थना करण्यास विनविलें. चाकरमाणसांस पैसे व वस्तु वाटून दिल्या. रात्रीं दोन वाजतां तिनें आपला दीर, फ्रान्सचा राजा हेन्री तिसरा, यास शेवटचें पत्र लिहिलें. आपण धर्मासाठीं व इंग्लंडच्या गादीवरील हक्कासाठीं मरत आहों असें तिनें त्यांत नमूद केलें, आणि चाकरांचे थकलेले पगार देण्याची विनंति केली. दोन्ही कारणें तिनें एका ओळींत ठेवलीं. प्रामाणिक माणसासारखें तिनें तीं वेगळीं केलीं नाहींत.

सकाळीं मोठ्या दालनांत काळ्या कापडानें झांकलेला चौथरा होता. भोंवतीं सुमारें तीनशें माणसें. ती हातांत क्रूसमूर्ति व कमरेस जपमाळ लावून आली. डीन मोठ्यानें इंग्रजींत प्रार्थना म्हणूं लागला. तिनें त्याहून मोठ्यानें लॅटिन प्रार्थना चालविल्या, व शेवटीं इंग्रजींत ख्रिस्तसभेसाठीं, मुलासाठीं आणि एलिझाबेथसाठीं विनंति केली. मारेकऱ्यांस क्षमा केली. दासींनीं वरचा काळा झगा उतरविला तेव्हां आंतील वस्त्रें गडद तांबडीं दिसलीं. रक्तसाक्षींच्या सणास धर्मगुरु जो रंग नेसतो तो. पाहणाऱ्यांतील प्रत्येकास त्याचा अर्थ कळला असेल. पहिला घाव चुकून मस्तकाच्या मागें बसला. दुसऱ्यानें मान तुटली, आणि राहिलेली शीर कुऱ्हाडीनें कापावी लागली. नंतर तिचा लहान कुत्रा झग्याखालून निघाला, व धडाजवळून हलेना. रक्त लागलेली प्रत्येक वस्तु जाळली किंवा धुतली, कारण कॅथॉलिकांनीं अवशेष म्हणून जपूं नये. ती चव्वेचाळीस वर्षांची होती.

एलिझाबेथनें आपणांस न विचारतां शिक्षा अंमलांत आणली असा कांगावा केला, व आपल्या चिटणिसास तुरुंगांत घातलें. मेरीनें फ्रान्सांत पुरावें अशी इच्छा कळविली होती; ती मानली नाहीं. जुलै उलटल्यावर तिला पीटरबरोच्या महामंदिरांत, ज्या कॅथरिनच्या घटस्फोटापासून हा सर्व कलह निघाला तिच्याच मंदिरांत, प्रॉटेस्टंट विधीनें पुरलें. तिच्या चाकरांपैकीं बहुतेक विधीच्या वेळीं बाहेर निघून गेले. दोन्ही राण्यांच्या कबरी स्कार्लेट या एकाच म्हाताऱ्यानें खणल्या. मधें पन्नास वर्षें गेलीं होतीं. १६०३ सालीं एलिझाबेथ निपुत्रिक मेली, आणि मेरीचा मुलगा इंग्लंडचा राजा झाला. १६१२ सालीं त्यानें आईचें शव वेस्टमिन्स्टर ॲबींत आणून मोठी संगमरवरी समाधि बांधली. समाधि सुंदर आहे. जिवंतपणीं मात्र त्यानें तिच्यासाठीं फौज हलविली नव्हती.

राणीची सोन्याची जपमाळ अरुंडेल येथील कॅथॉलिक घराण्याकडे गेली. नॉरफोकच्या त्या ड्यूकचा मुलगा फिलिप हॉवर्ड हा धर्मासाठीं लंडनच्या टॉवरांत कैदेंत मेला, व १९७० सालीं ख्रिस्तसभेनें त्यास संत म्हणून घोषित केलें. त्याच्याच वंशजांनीं ती माळ चारशें वर्षांहून अधिक काळ जपली. मेच्या २१ तारखेस, २०२१ सालीं, रात्रीं अरुंडेलच्या किल्ल्यांत चोर शिरले, व कांच फोडून इतर वस्तूंबरोबर तीहि घेऊन गेले. सोन्याच्या हिशेबानें ती फारशी किंमतीची नव्हती, असें तेव्हां पोलिसांनीं कळविलें.